विझल्यानंतरची धग

अणुभट्टी बंद करायला दोन-तीन सेकंद पुरतात. नियंत्रक दांडे वर धरून ठेवणाऱ्या विद्युतचुंबकांची वीज तोडली की दांडे स्वतःच्या वजनाने गाभ्यात उतरतात, मोकळे न्यूट्रॉन त्यांत शोषले जातात आणि अणू फुटण्याची, म्हणजे विखंडनाची, साखळी तुटते. भट्टी ‘ट्रिप’ झाली, असं याला म्हणतात. नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर शक्तीची रेघ सरळ खाली येते. आग विझली असं म्हणायला हरकत नाही. गाभा मात्र तापतच राहतो.

युरेनियमचा अणू फुटला की त्याचे दोन तुकडे होतात. आयोडीन, झेनॉन, सीझियम, स्ट्रॉन्शियम अशा या तुकड्यांपैकी बहुतेक अस्थिर असतात. स्थिर होईपर्यंत ते किरणोत्सार करतात, कोणी काही सेकंद, कोणी आठवडाभर, कोणी पिढ्यान्‌पिढ्या. त्या किरणोत्साराची इंधनातच उष्णता होते. तिला अवशिष्ट उष्णता म्हणतात. या क्षेत्रातली माणसं सरळ ‘डिके हीट’ म्हणतात. तिला थांबवणारा दांडा नाही, बटण नाही, रसायनही नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तशातली ही गत. ती फक्त वाहून नेता येते आणि ओसरायची वाट पाहता येते.

आकड्यांत सांगायचं तर ३००० मेगावॅट उष्णता आणि त्यातून साधारण १००० मेगावॅट वीज देणारी भट्टी घेऊ. ट्रिप झाल्याच्या क्षणी साखळी थांबते, पण मूळ शक्तीच्या सुमारे साडेसहा टक्के, म्हणजे जवळपास २०० मेगावॅट उष्णता निघतच असते. तासाभराने ती दीड टक्क्यावर, म्हणजे ४५ मेगावॅटवर येते. दिवसभराने अर्धा टक्का, १५ मेगावॅट. आठवड्याने सात-आठ. वर्षाने एक-दीड मेगावॅटच्या घरात. हे पाण्याच्या भाषेत मांडलं की खरं कळतं. केवळ उकळवून ही उष्णता काढायची झाली, तर बंद झाल्यावर एका तासाने गाभ्याला ताशी साठेक टन पाणी लागतं. एका दिवसाने वीसेक टन. हे पाणी रोज, रात्रंदिवस, न चुकता मिळायला हवं. भूकंप झाला तरी, वीज गेली तरी, कामावरची पाळी बदलत असली तरी.

शाश्वत ऊर्जेच्या भविष्यात अणुऊर्जेला जागा द्यायची का, या प्रश्नावर कार्बनची आणि युनिटच्या दराची चर्चा भरपूर होते. मला वाटतं, उत्तराचा मोठा भाग या उरलेल्या धगीत आहे. ती किती वेळ, कोणी आणि कशाच्या जोरावर सांभाळायची, हे ज्याला नीट सांगता येतं त्यालाच अणुऊर्जा पेलते.

गंमत अशी की जी गोष्ट ऐकायला सगळ्यात भीषण वाटते, ती साखळी अभिक्रिया, त्यामानाने बरीच आवाक्यातली आहे. विखंडनातून निघणारे बहुतेक न्यूट्रॉन तत्काळ निघतात. सगळेच तसे असते तर भट्टी चालवताच आली नसती, कारण हजारात एक इतकी वाढसुद्धा एका सेकंदात शक्ती हजारो पटींनी चढवून गेली असती. पण युरेनियम-२३५ या सहज फुटणाऱ्या प्रकाराच्या विखंडनातले सुमारे ०.६५ टक्के न्यूट्रॉन उशिरा येतात, काही तर मिनिटभराने. भट्टी चालवणारी माणसं नेहमी या उशिरा येणाऱ्या मूठभर न्यूट्रॉनांच्या हद्दीत राहून दांडे वर-खाली करतात. शिवाय पाण्यावर चालणाऱ्या नेहमीच्या भट्टीत इंधन तापलं की युरेनियम-२३८ जास्त न्यूट्रॉन गिळतं, पाणी विरळ झालं की न्यूट्रॉनांचा वेग कमी करणारा मंदकच कमी होतो आणि अभिक्रिया आपोआप मंदावते.

निसर्गाने हा प्रयोग माणसाच्या कितीतरी आधी करून ठेवला आहे. आफ्रिकेतल्या गॅबॉन देशात ओक्लो इथल्या युरेनियमच्या खनिजात युरेनियम-२३५ नेहमीच्या ०.७२ टक्क्यांपेक्षा किंचित कमी भरलं. १९७२ साली फ्रान्समध्ये ही तफावत पकडली गेली आणि शोध घेतल्यावर कळलं की सुमारे दोनशे कोटी वर्षांपूर्वी तिथे नैसर्गिक अणुभट्ट्या पेटल्या होत्या. तेव्हा खनिजात युरेनियम-२३५ तीन टक्क्यांच्या आसपास होतं. खडकात झिरपलेलं पाणी मंदकाचं काम करायचं, साखळी सुरू व्हायची, पाणी उकळून जायचं, साखळी थांबायची, खडक निवायचा, पाणी परतायचं. खनिजात अडकलेल्या झेनॉनवरून संशोधकांनी हिशेब मांडला आहे: अर्धा तास चालू, अडीच तास बंद. लक्षावधी वर्षं हे असंच चालू होतं. ओक्लोची सरासरी शक्ती १०० किलोवॅटच्या आतच असल्याने तिची उरलेली धग आजूबाजूचा खडक सहज पिऊन टाकायचा. भट्टी लहान असली की धगीची चिंताही लहान होते. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

मोठ्या भट्टीत पाणी थांबलं तर काय होतं, ते क्रमाने पाहू. इंधन म्हणजे युरेनियम डायऑक्साइडच्या, करंगळीच्या पेराएवढ्या गोळ्या. त्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या चारेक मीटर लांब, अर्ध्या मिलिमीटरपेक्षा थोड्या जाड भिंतीच्या नळ्यांत भरलेल्या असतात. गोळी चिनीमातीसारखी टणक. वितळायला २८०० अंशांच्या पुढे जावं लागतं. नळी मात्र त्याच्या खूप आधी हार मानते. पाण्याची पातळी इंधनाच्या माथ्याखाली गेली की उघडा पडलेला भाग तापू लागतो. ७०० ते ९०० अंशांच्या दरम्यान नळ्या फुगतात, फुटतात आणि आत साठलेला किरणोत्सारी वायू बाहेर येतो. १२०० अंशांच्या पुढे झिर्कोनियम आणि वाफ यांची अभिक्रिया जोर धरते. ती स्वतःच उष्णता देते, म्हणजे आगीत तेल. आणि ती हायड्रोजन सोडते: एक किलो झिर्कोनियममागे जवळपास अर्धा घनमीटर. गाभ्यात असं झिर्कोनियम वीस टनांच्या वर असतं. हवेत हायड्रोजन चार टक्क्यांवर गेला की ठिणगी पुरते. म्हणून आता आच्छादन-इमारतीत प्लॅटिनम किंवा पॅलॅडियमचा मुलामा दिलेल्या पत्र्यांच्या पेट्या लावतात. त्यांवर हायड्रोजन आणि ऑक्सिजन विजेशिवाय, निमूटपणे जोडले जाऊन पाणी होतं.

या सगळ्याच्या आधीची पायरी म्हणजे पंप चालू ठेवणारी वीज. बाहेरची वीज गेली की आणीबाणीचे डिझेल जनरेटर दहा-पंधरा सेकंदांत सुरू होऊन भार घ्यायला हवेत. त्यासाठी त्यांचं थंडावा देणारं पाणी आणि वंगण तेल कायम कोमट ठेवतात, सुरू करायला दाबाची हवा टाक्यांत भरून ठेवतात, साधारण दर महिन्याला चालवून पाहतात. तरी बिघाड होतात, आणि ते फार साधे असतात: हवेची झडप गळते, साठलेल्या डिझेलमध्ये गाळ धरून गाळणी चोंदते, ब्रेकरची एक तार सैल असते. एक जनरेटर न चालणं गृहीत धरलेलंच असतं, म्हणून दोन, तीन किंवा चार स्वतंत्र संच ठेवतात. खरा धोका एकाच कारणाने सगळे एकदम बंद पडण्याचा. चार संच असूनही चारही एकाच तळघरात असतील, तर पुराच्या पाण्यापुढे ते चार नसतात, एकच असतो.

फुकुशिमा दाइइची इथे ११ मार्च २०११ रोजी हेच झालं. भूकंप होताच चालू असलेल्या तिन्ही भट्ट्या नियमाप्रमाणे ट्रिप झाल्या. डिझेल जनरेटरही सुरू झाले. पाऊण-एक तासाने १४-१५ मीटर उंचीची लाट आली. समुद्रकिनाऱ्यावरचा मूळचा ३५ मीटरचा कडा प्रकल्प उभारताना १० मीटरपर्यंत कापून काढलेला होता, कारण पाया खडकावर हवा होता आणि समुद्राचं पाणी वर चढवायला कमी शक्ती लागणार होती. जनरेटर आणि विजेची फलकं बहुतांशी तळमजल्यात आणि तळघरात होती, ती बुडाली. सहाव्या भट्टीचा, उंचावर ठेवलेला, हवेने थंड होणारा एकच जनरेटर वाचला आणि त्याने पाचवी व सहावी भट्टी वाचवली. एक, दोन, तीन या भट्ट्यांचे गाभे त्या उरलेल्या एक टक्का, अर्धा टक्का उष्णतेने वितळले. त्याच किनाऱ्यावर, भूकंपाच्या केंद्राला आणखी जवळ असलेला ओनागावा प्रकल्प समुद्रसपाटीपासून सुमारे १४.८ मीटरवर बांधला होता. तिथल्या भट्ट्या सुखरूप थंड झाल्या, इतकंच नव्हे, घरं वाहून गेलेली आसपासची माणसं त्या प्रकल्पाच्या आवारात आसऱ्याला राहिली. दोन्हीकडे तंत्रज्ञान एकाच जातीचं होतं. फरक काही मीटर उंचीचा आणि ती उंची राखण्याच्या आग्रहाचा होता.

अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंडमध्ये २८ मार्च १९७९ रोजी भट्टी बंद होऊन काही सेकंदच झाले होते. दाब कमी करण्यासाठी उघडलेला व्हॉल्व्ह उघडाच अडकला. फलकावरचा दिवा मात्र व्हॉल्व्ह बंद असल्यासारखा दिसत होता, कारण तो दिवा व्हॉल्व्हची खरी स्थिती दाखवत नव्हता, ‘बंद हो’ असा आदेश गेला एवढंच दाखवत होता. वरच्या टाकीतली पातळी चढलेली पाहून पाणी जास्त झालं असं चालकांना वाटलं आणि त्यांनी आणीबाणीचं पाणी कमी केलं. दोन तासांहून जास्त वेळ पाणी निसटत राहिलं आणि जवळपास अर्धा गाभा वितळला. एका दिव्याने कोणत्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं, हे चुकीचं ठरवलं गेलं होतं. आज नियंत्रण कक्षात गाभ्यातल्या पाण्याच्या उकळबिंदूपासून आपण किती अंश दूर आहोत, हे थेट दाखवणारा आकडा असतो, तो त्या सकाळमुळे.

चेर्नोबिलची गोष्ट तर मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते. २६ एप्रिल १९८६ च्या रात्रीची ती चाचणी या धगीसाठीच होती. बाहेरची वीज गेल्यावर डिझेल जनरेटर पूर्ण भार घेईपर्यंत मिनिटभराची फट पडत होती. तेवढ्या वेळात स्वतःच्या जोरावर फिरत राहिलेलं टर्बाइन पंपांना वीज देऊ शकतं का, एवढं पाहायचं होतं. त्या मिनिटासाठी भट्टी अशा स्थितीत नेली गेली की ती सांभाळण्यापलीकडे गेली होती. ७०० मेगावॅटवर होणारी चाचणी २०० मेगावॅटवर, न्यूट्रॉन गिळणाऱ्या झेनॉनने गुदमरलेल्या गाभ्यात, बहुतेक सगळे दांडे बाहेर काढून केली गेली. त्या बनावटीच्या भट्टीत पाण्याची वाफ झाली की अभिक्रिया वाढायची, आणि बंद करण्यासाठी दांडे खाली सोडले तर त्यांच्या टोकांखालचा ग्राफाइट आधी तळाशी अभिक्रिया वाढवायचा. इथे गाभा उडाला तो साखळीच्या उसळीने, उरलेल्या धगीने नव्हे. पण सुरुवात त्या एका मिनिटाच्या काळजीतून झाली होती. सुरक्षिततेची चाचणी घाईत, उशीर झालेल्या वेळापत्रकात उरकणं, याच्याइतकं धोक्याचं काम या क्षेत्रात दुसरं नाही.

माणसांच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. फुकुशिमानंतर दीड लाखाहून अधिक लोक घरं सोडून गेले. त्या प्रांतात विस्थापनाच्या हालांनी, उपचार तुटल्याने, खचून गेल्याने झालेले मृत्यू दोन हजारांहून अधिक नोंदले गेले आहेत, त्यांत वृद्ध फार. किरणोत्साराइतकीच त्याच्या भीतीने केलेली हलवाहलव जीवघेणी ठरते. कोणाला हलवायचं, कोणाला घरातच दारं-खिडक्या लावून थांबवायचं, रुग्णालयातल्या खाटेवरच्या माणसाला कशाने न्यायचं, हे प्रकल्पाच्या आराखड्याइतक्याच बारकाईने आधी ठरायला हवं.

मग पंप, जनरेटर आणि माणूस यांच्यावर विसंबू नये, अशी भट्टी होते का? होते. चेर्नोबिलच्या तीनच आठवडे आधी, ३ एप्रिल १९८६ रोजी, अमेरिकेत आयडाहोमध्ये ईबीआर-२ या द्रव सोडियमने थंड होणाऱ्या छोट्या भट्टीवर पूर्ण शक्तीवर असताना मुख्य पंप बंद केले गेले, आणि दांडे आपोआप पडण्याची व्यवस्थाही रोखून धरली गेली. धातूचं इंधन तापलं, गाभा प्रसरण पावला, न्यूट्रॉन जास्त निसटू लागले आणि भट्टी आपणच मंदावली. मोठ्या हौदातलं सोडियम नैसर्गिक अभिसरणाने फिरत राहिलं आणि धग वाहून गेली. आजच्या एपी-१००० जातीच्या भट्टीत इमारतीच्या माथ्यावर सुमारे तीन हजार टन पाण्याची टाकी असते. वीज नसताना, कोणी हात न लावता, ७२ तास ते पाणी गुरुत्वाकर्षणाने पोलादी आच्छादनावर ओघळत राहतं. ७२ तासांनंतर मात्र कोणीतरी ती टाकी भरायला हवी, हे वाक्य जाहिरातीत शेवटी येतं; आराखड्यात ते पहिलं असायला हवं.

चीनमध्ये शिदाओ उपसागराच्या किनाऱ्यावर डिसेंबर २०२३ मध्ये व्यावसायिकरीत्या सुरू झालेली एचटीआर-पीएम ही भट्टी या बाबतीत सगळ्यात पुढे गेली आहे. तिचं इंधन म्हणजे ६ सेंटिमीटर व्यासाचे ग्राफाइटचे चेंडू. प्रत्येकात हजारो सूक्ष्म कण, आणि प्रत्येक कणावर सिलिकॉन कार्बाइडचं कवच, जे १६०० अंशांपर्यंत तग धरतं. २०२३ मध्ये तिच्या दोन्ही भट्ट्यांची वीज मुद्दाम तोडून पाहिली. गाभा थंड करणारा वायू फिरवणारे पंखे थांबले, आणीबाणीची कोणतीही यंत्रणा वापरली नाही, आणि गाभा आपोआप निवत गेला. ओक्लोचा धडा इथे कामी येतो. धग गाभ्याच्या घनफळाच्या प्रमाणात निर्माण होते आणि पृष्ठभागातून बाहेर जाते. आकार लहान आणि शक्ती विरळ ठेवली की पृष्ठभाग पुरा पडतो. पण याची किंमत आहे. नेहमीच्या पाण्याच्या भट्टीत एक घनमीटर गाभा १०० मेगावॅटच्या आसपास उष्णता देतो, चेंडूंच्या भट्टीत तीन-एक मेगावॅट. तितक्याच विजेसाठी पोलाद जास्त, पात्रं जास्त, जागा जास्त. छोट्या भट्ट्या कारखान्यात शेकड्यांनी बनतील तेव्हा स्वस्त होतील, असं सांगितलं जातं. शेकड्यांची मागणी येईपर्यंत पहिल्या दहांचा खर्च कोण सोसणार, हे ठरलेलं नसलं की प्रकल्प कागदावरच राहतात.

इतकी काळजी घ्यायचीच कशासाठी, असा प्रश्न रास्त आहे. उत्तर इंधनाच्या वजनात आहे. १००० मेगावॅटच्या अणुभट्टीला वर्षाला २५ टनांच्या आसपास समृद्ध इंधन लागतं, दोन-तीन मालमोटारी. तेवढ्याच विजेसाठी कोळसा ३० लाख टन. खाणीपासून मोडतोडीपर्यंतचा सगळा कार्बन धरला तर आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान-समितीच्या २०१४ च्या अहवालात अणुविजेचा मध्यांक प्रत्येक युनिटमागे १२ ग्रॅम आहे, पवनऊर्जेइतकाच. वायू ४९०, कोळसा ८२०. सूर्य आणि वारा स्वस्त झाले आहेत, ते झपाट्याने उभे राहतात, आणि बहुतेक काम त्यांनीच करायला हवं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ढगाळ, वारा पडलेला आठवडा येतोच. काही तासांची तूट बॅटरी भरून काढते. आठवड्याची तूट भरून काढायला आज बहुतेक ठिकाणी वायूच पेटवला जातो. पाणी अडवायला डोंगर-नद्या नाहीत अशा प्रदेशात अणुभट्टीची जागा इथे आहे: सगळा भार उचलणारी नव्हे, तळाचा काही भाग बारमाही धरून ठेवणारी.

ती वर-खाली करता येत नाही, हा समज अर्धाच खरा आहे. फ्रान्समध्ये भट्ट्या रोज मागणीप्रमाणे शक्ती कमी-जास्त करतात, त्यासाठी न्यूट्रॉन कमी शोषणारे वेगळे ‘ग्रे’ दांडे वापरतात. अडचण झेनॉन-१३५ ची. आयोडीन-१३५ पासून तो साडेसहा तासांच्या अर्धायुष्याने तयार होत राहतो आणि तो न्यूट्रॉनचा खादाड शोषक आहे. शक्ती उतरवली की त्याला जाळणारे न्यूट्रॉन कमी होतात आणि तो काही तास साठत जातो. मग शक्ती पुन्हा चढवताना पाण्यातलं न्यूट्रॉन शोषणारं बोरिक अॅसिड विरळ करून जागा करावी लागते. इंधनाच्या आवर्तनाच्या शेवटी बोरॉन आधीच जवळपास संपलेलं असतं, म्हणून त्या आठवड्यांत भट्टीला स्थिर ठेवणंच शहाणपणाचं. शिवाय खर्च बहुतेक बांधकामाचा असल्याने अर्ध्या शक्तीवर चालवली तरी खर्च अर्धा होत नाही. रिकाम्या वेळेतली उष्णता घरं तापवायला किंवा हायड्रोजन करायला वापरली तर गणित सुधारतं.

फ्रान्सनेच दुसरी बाजूही दाखवली. २०२१ च्या अखेरीस सिव्हो इथल्या तपासणीत नळ्यांमध्ये ताण आणि गंज यांच्या जोडीने पडलेल्या भेगा सापडल्या. या नळ्या कोणत्या? आणीबाणीत गाभ्यात पाणी सोडणाऱ्या, म्हणजे विझल्यानंतरची धग सांभाळणाऱ्या. एकाच आराखड्याच्या अनेक भट्ट्या असल्याने एकात सापडलेला दोष बाकीच्यांत शोधणं भाग पडलं. एकामागून एक भट्ट्या बंद झाल्या आणि २०२१ मध्ये ३६१ टेरावॅट-तास असलेलं उत्पादन २०२२ मध्ये २७९ वर आलं. त्याच उन्हाळ्यात नद्या तापल्या आणि गरम पाणी सोडण्यावरची बंधनं आडवी आली. अणुभट्टीच्या उष्णतेचा दोन-तृतीयांश भाग शेवटी पाण्यात किंवा हवेतच जातो. पाणी गार करणारा मनोरा वापरला तर १००० मेगावॅटला ताशी अडीच हजार घनमीटरच्या आसपास पाणी वाफ होऊन उडतं. तापत्या जगात भट्टीची जागा निवडताना पुढच्या साठ वर्षांतली नदी डोळ्यांसमोर हवी.

पैशाबाबत घोडं पेंड खातं ते वेळेपाशी. दरवर्षी सारखा खर्च आणि सात टक्के व्याज धरलं, तर पाच वर्षांत बांधलेल्या भट्टीच्या १०० चे ११५ होतात. बारा वर्षं लागली तर त्याच १०० चे जवळपास १५०, सिमेंटचं एक पोतंही न वाढता. फिनलंडमधल्या ओल्किलुओतो-३ चं बांधकाम २००५ मध्ये सुरू झालं, २००९ मध्ये वीज अपेक्षित होती, नियमित उत्पादन २०२३ मध्ये सुरू झालं. फ्रान्समधली फ्लामॉनव्हील-३ २००७ च्या शेवटी सुरू होऊन डिसेंबर २०२४ मध्ये जाळ्याला जोडली गेली. दोन्हीकडे आराखडा पूर्ण व्हायच्या आधी काँक्रीट ओतायला सुरुवात झाली होती, आणि मधल्या दोन दशकांत बांधकाम थंडावल्याने अणुदर्जाचं जोडकाम करणारे वेल्डर, तपासणारे डोळे, जाड पोलाद घडवणारे कारखाने विरळ झाले होते. जोड नाकारला की कापायचा, पुन्हा करायचा, पुन्हा क्ष-किरणांनी पाहायचा. अरबी आखातावरच्या बराकाहमध्ये २०१२ ते २०२४ मध्ये एकाच आराखड्याच्या चार भट्ट्या ओळीने उभ्या राहिल्या. पहिलीवर शिकलेली माणसं दुसरीवर गेली. म्हणून माझं मत असं: दर वीस वर्षांनी एक भट्टी बांधणाऱ्या देशाने ती बांधू नये. एक तर सलग काही बांधा, नाहीतर तो पैसा वाऱ्यात आणि तारांत घाला. ज्या भट्ट्या चालू आहेत, ज्यांचं गाभा सामावणारं दाबपात्र अजून शाबूत आहे, त्या मात्र कोळशाच्या आधी बंद करणं चूक आहे.

शाश्वत या शब्दात समाजाची शाश्वतीही येते, हे झापोरिझ्झियाने शिकवलं. युक्रेनमधल्या, युद्धात सापडलेल्या या प्रकल्पाच्या सहा भट्ट्या सप्टेंबर २०२२ पासून वीज देत नाहीत. तरी बाहेरची वीज पुनःपुन्हा तुटली की डिझेल जनरेटरांवर यावं लागतं. जून २०२३ मध्ये काखोव्का धरण फुटलं आणि थंडाव्याच्या पाण्याचा मूळ साठाच ओसरला. तेव्हा आवारात ११ विहिरी खणून ताशी सुमारे २५० घनमीटर पाण्यावर भागवलं गेलं. भागलं, कारण भट्ट्या बंद होऊन महिने लोटले होते आणि धग मूळच्या अगदी लहानशा अंशावर आली होती. पूर्ण शक्तीवर असताना असं झालं असतं, तर अकरा विहिरी पुरल्या नसत्या.

जळून झालेलं इंधन गाभ्यातून काढतात, तेव्हा त्यात सुमारे ९५ टक्के युरेनियम, एक टक्का प्लुटोनियम आणि उरलेले विखंडनाचे तुकडे असतात. ते पाण्याखालूनच हौदात सरकवतात. माथ्यावर सातेक मीटर पाणी असलं की काठावर उभं राहता येतं. किमान पाचेक वर्षं हौदात गेली की ते हेलियम भरलेल्या पोलादी डब्यात आणि काँक्रीटच्या कवचात जातं. तिथे पंप नाही. खालच्या झरोक्यातून गार हवा शिरते, वरून गरम निघते. काळजी एवढीच की झरोके पाचोळ्याने किंवा घरट्यांनी बुजू नयेत, आणि समुद्राकाठी खाऱ्या हवेने डब्याच्या जोडांना भेगा पडू नयेत. सीझियम आणि स्ट्रॉन्शियम यांची अर्धायुष्यं तीस वर्षांच्या आसपास. तीनशे वर्षांत ती दहादा निम्मी होऊन हजारात एक उरतात. प्लुटोनियम-२३९ चं अर्धायुष्य २४,१०० वर्षं. त्याच्यासाठी खडकच हवा.

फिनलंडमध्ये ओन्कालो इथे सुमारे १९० कोटी वर्षं जुन्या खडकात, ४०० मीटरहून खोल, बोगदे खोदले आहेत. आत बिडाचा सांगाडा, बाहेर पाच सेंटिमीटर जाड तांबं, अशा उभ्या नळकांड्यांत इंधन ठेवायचं आणि भोवती बेंटोनाइट माती ठासायची. पाणी लागलं की ती फुगते आणि फटी बुजवते. पण १०० अंशांच्या वर गेली तर तिचा हा गुण बिघडू शकतो. म्हणून इंधन आधी काही दशकं वर थांबवून निवू द्यायचं, एका नळकांड्याची उष्णता दीड-दोन किलोवॅटच्या आत आली की खाली न्यायचं, आणि शेजारचं नळकांडं काही मीटर सोडून पुरायचं. जागेची टंचाई नाही, तरी बोगदे इतके लांब का, तर दोन नळकांड्यांमधलं अंतर या धगीने आखलेलं आहे. मातीचं तापमान काही दशकं चढतं, मग उतरू लागतं. काही हजार वर्षांनी खडक पुन्हा आपल्या मूळच्या दहा-अकरा अंशांच्या जवळ येतो.